स्पॅनिंग ट्री पोर्ट अग्रक्रम

स्पॅनिंग ट्री पोर्ट अग्रक्रम हे संगणकजाळ्यातील स्विचच्या प्रत्येक पोर्टला दिलेले एक अंकमूल्य आहे. दोन स्विच एकाहून अधिक केबलींनी जोडलेले असतील आणि त्या मार्गांत अन्य कोणत्याही निकषाने फरक पडत नसेल, तर कोणता मार्ग चालू ठेवावा व कोणता रोखून धरावा याचा निर्णय या मूल्याने होतो. हे मूल्य ० ते २४० या दरम्यान, १६ च्या पटीत असते आणि बहुतेक स्विचमध्ये ते मुळात १२८ ठेवलेले असते. जितका अंक लहान तितका अग्रक्रम वरचा. परीक्षेतील पहिला क्रमांक दुसऱ्याच्या वर असतो, तसाच हा प्रकार होय.

पार्श्वभूमी

एक केबल तुटली तरी जाळे बंद पडू नये यासाठी स्विच एकमेकांना दोन किंवा अधिक मार्गांनी जोडले जातात. परंतु असे पर्यायी मार्ग एकाच वेळी खुले राहिले तर त्यांचे वर्तुळ, म्हणजे लूप, तयार होते. इथरनेट फ्रेमला आयुर्मर्यादा नसते. त्यामुळे सर्वांना उद्देशून पाठवलेली फ्रेम लूपमध्ये अखंड फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत जाळे ठप्प होते. या अवस्थेस ब्रॉडकास्ट वादळ म्हणतात.

यावर उपाय म्हणून राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत काम करत असताना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल तयार केला. १९९० मध्ये तो आयट्रिपलई ८०२.१डी या मानकात आला. २००१ मध्ये त्याची वेगवान आवृत्ती (रॅपिड स्पॅनिंग ट्री) मान्य झाली व २००४ च्या ८०२.१डी मानकात तिने मूळ प्रोटोकॉलची जागा घेतली. या प्रोटोकॉलनुसार स्विच आपसांत बीपीडीयू नावाचे संदेश पाठवतात, एका स्विचला मूळ स्विच म्हणून निवडतात आणि त्याच्यापासून फांद्यांप्रमाणे पसरणारी लूपविरहित रचना ठरवतात. उरलेले मार्ग रोखलेले, पण राखीव असतात.

पोर्ट ओळखांकाची रचना

पोर्ट अग्रक्रम हा पोर्ट ओळखांकाचा एक भाग आहे. हा ओळखांक १६ बिटांचा असतो. मूळ मानकात त्यातील ८ बिट अग्रक्रमासाठी व ८ बिट पोर्ट क्रमांकासाठी होते. मोठ्या स्विचना अधिक पोर्ट क्रमांक लागत असल्याने पुढे ही वाटणी बदलून अग्रक्रमासाठी ४ व पोर्ट क्रमांकासाठी १२ बिट ठेवण्यात आले. चार बिटांत १६ च मूल्ये बसतात. म्हणून अग्रक्रम ०, १६, ३२, ४८ अशा टप्प्यांनीच देता येतो. स्विचच्या पडद्यावर ओळखांक बहुधा १२८.१, १२८.२ अशा रूपात दिसतो. त्यातील पहिला भाग अग्रक्रम व दुसरा पोर्ट क्रमांक असतो.

निवडीचा क्रम

मूळ स्विचखेरीज प्रत्येक स्विच मूळ स्विचकडे जाणारा एकच पोर्ट निवडतो. त्यास मूळ पोर्ट म्हणतात. निवडीचे निकष पुढील क्रमाने लावले जातात व आधीच्या निकषावर बरोबरी झाली तरच पुढचा निकष पाहिला जातो.

१. संदेशात नमूद केलेल्या मूळ स्विचचा सर्वांत लहान ओळखांक.
२. मूळ स्विचपर्यंतचा सर्वांत कमी मार्गखर्च. १९९८ च्या मानकानुसार १०० मेगाबिट जोडणीचा खर्च १९, तर १ गिगाबिट जोडणीचा ४ धरतात.
३. संदेश पाठवणाऱ्या स्विचचा सर्वांत लहान ओळखांक.
४. संदेश पाठवणाऱ्या पोर्टचा सर्वांत लहान ओळखांक.
५. संदेश स्वीकारणाऱ्या पोर्टचा सर्वांत लहान ओळखांक.

पोर्ट अग्रक्रमाचा प्रभाव चौथ्या निकषावर पडतो. पाचव्या निकषाची गरज क्वचितच भासते; हबमार्फत एकाच पोर्टचा संदेश दोन पोर्टांवर पोहोचला, तर तो लागू होतो.

उदाहरण

'अ' हा मूळ स्विच आहे आणि 'ब' हा त्याला सारख्याच वेगाच्या दोन केबलींनी जोडलेला आहे असे मानू. 'अ' चा पोर्ट १ 'ब' च्या पोर्ट ८ ला, आणि 'अ' चा पोर्ट २ 'ब' च्या पोर्ट ७ ला जोडला आहे. सर्व पोर्टांचा अग्रक्रम १२८ आहे.

'ब' ला पोर्ट ८ वर १२८.१ हा, तर पोर्ट ७ वर १२८.२ हा पाठवणाऱ्याचा ओळखांक मिळतो. पहिले तीनही निकष बरोबरीत सुटतात. १२८.१ लहान असल्यामुळे 'ब' चा पोर्ट ८ मूळ पोर्ट ठरतो व पोर्ट ७ रोखला जातो. 'ब' च्या स्वतःच्या क्रमांकांत ७ हा ८ पेक्षा लहान असूनही त्याचा येथे विचार होत नाही.

आता वाहतूक दुसऱ्या केबलीने न्यायची असल्यास 'अ' च्या पोर्ट २ चा अग्रक्रम ६४ करावा लागतो. त्याचा ओळखांक ६४.२ होतो, तो १२८.१ हून लहान ठरतो आणि 'ब' आपला मूळ पोर्ट बदलून ७ करतो.

नेहमी होणारी चूक

जो पोर्ट रोखला गेला आहे त्याच पोर्टचा अग्रक्रम बदलणे ही या विषयातील सर्वांत प्रचलित चूक होय. वरील उदाहरणात 'ब' च्या पोर्ट ७ ला ० अग्रक्रम दिला तरी काहीही बदलत नाही, कारण तुलना पाठवणाऱ्याच्या ओळखांकांची असते. बदल मूळ स्विचच्या बाजूकडील स्विचवर करावा लागतो. केवळ 'ब' च हाताशी असेल, तर त्याच्या पोर्टचा मार्गखर्च बदलावा. मार्गखर्च स्वीकारणाऱ्या पोर्टवर मोजला जातो आणि तो अग्रक्रमाच्या आधी पाहिला जातो.

लॅसीपी या जोडणी-एकत्रीकरणाच्या प्रोटोकॉलमध्येही 'पोर्ट अग्रक्रम' असतो. त्याचा स्पॅनिंग ट्रीशी संबंध नाही.

विन्यास

सिस्कोच्या आयओएस प्रणालीत प्रथम संबंधित पोर्टच्या विन्यास-अवस्थेत जाऊन 'स्पॅनिंग-ट्री पोर्ट-प्रायॉरिटी' ही आज्ञा व त्यापुढे मूल्य द्यावे लागते. एखाद्या विशिष्ट व्हीलॅनपुरताच बदल हवा असल्यास आज्ञेत व्हीलॅनचा क्रमांक घालतात. 'शो स्पॅनिंग-ट्री' या आज्ञेने प्रत्येक पोर्टची भूमिका, खर्च व ओळखांक पाहता येतो. सर्व उत्पादनांत मूल्य देण्याची पद्धत सारखी नसते. एचपीच्या काही स्विचमध्ये ० ते १५ हा गुणक देतात व ८ म्हणजे १२८ समजतात. लिनक्सच्या अंतर्गत ब्रिजमध्ये ० ते ६३ ही मूल्ये चालतात व मूळ मूल्य ३२ असते.

उपयोग व मर्यादा

प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्र वृक्ष चालवणाऱ्या जाळ्यात पोर्ट अग्रक्रमाने भार विभागता येतो. व्हीलॅन १० ला एका केबलीवर व व्हीलॅन २० ला दुसऱ्या केबलीवर वरचा अग्रक्रम दिल्यास दोन्ही केबली कामी येतात आणि एक तुटल्यास दुसरी सर्व भार उचलते. मात्र अनेक केबली एकत्र बांधून एकच तार्किक जोडणी केली असेल, तर स्पॅनिंग ट्रीला ती एकच पोर्ट भासते व त्या केबलींमध्ये निवड करण्याचा प्रश्न उरत नाही.

चालू जाळ्यात अग्रक्रम बदलल्यास वृक्षाची फेरमांडणी होते. मूळ प्रोटोकॉलमध्ये नव्याने खुल्या होणाऱ्या पोर्टला ऐकणे व शिकणे या दोन अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद थांबावे लागते. वेगवान आवृत्तीत हा खंड पुष्कळच कमी असतो.

वृक्षाची आखणी दुर्लक्षित राहिल्यास काय घडू शकते याचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील बॉस्टन येथील बेथ इस्रायल डीकोनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयाचा दाखला दिला जातो. नोव्हेंबर २००२ मध्ये तेथील जाळे सुमारे चार दिवस विस्कळीत झाले आणि कर्मचाऱ्यांना कागदी नोंदींवर काम चालवावे लागले. जाळ्याचा विस्तार स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेला होता, हे त्यामागील प्रमुख कारण होते. असा दोष पोर्ट अग्रक्रमाने दूर होत नाही. मूळ स्विचची जाणीवपूर्वक निवड, जाळ्याचा मर्यादित विस्तार व मार्गखर्चाची आखणी या गोष्टी आधी येतात; पोर्ट अग्रक्रम हा त्यानंतरही बरोबरी उरल्यास कामी येणारा निकष आहे.