डेव्हिड ब्लॅकवेल : १०५ अर्ज आणि ‘मेरिट’

आरक्षणाचा विषय निघाला की ‘मेरिट’वाले गणिताचे उदाहरण हमखास देतात. गणिताला जात नसते म्हणे! नसेलही. गणिताच्या विभागाला मात्र असते.

डेव्हिड ब्लॅकवेल १९१९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जन्मले. वडील रेल्वेत कामाला. सोळाव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश, बाविसाव्या वर्षी गणितात पीएच.डी. लगेच प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीची वर्षभराची फेलोशिप. तिथल्या सदस्यांना शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठात मानद स्थान देण्याची प्रथा होती. कृष्णवर्णीय माणसाचे नाव येताच विद्यापीठाने हरकत घेतली.

१९४२ मध्ये बर्कलेच्या जर्झी नेमन यांनी त्यांची मुलाखत घेतली. नेमन यांना ते हवे होते, तरी नेमणूक झाली नाही. कारण नंतर कळले. विभागप्रमुखांच्या पत्नी विभागातील लोकांना घरी जेवायला बोलावत आणि त्यांना कृष्णवर्णीय माणूस घरात नको होता. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या बाबासाहेबांनी पाण्याच्या भांड्याला हात लावू नये म्हणणारे सहकारी आठवा. ब्लॅकवेल यांच्या पात्रतेचा विचार झालाच कुठे? सगळे जेवणाच्या टेबलावरच निकालात निघाले.

ब्लॅकवेल यांनी कृष्णवर्णीयांच्या १०५ कॉलेजांना अर्ज पाठवले. तीन ठिकाणांहून होकार आला. दोन वर्षे दक्षिणेत शिकवून १९४४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आले. तिथूनच १९४७ चा तो निबंध निघाला. सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये स्वतंत्रपणे तेच मांडले होते, म्हणून प्रमेयाचे नाव राव-ब्लॅकवेल. सोप्या भाषेत, हाताशी असलेली पुरेशी माहिती वापरून अंदाज सुधारला, तर तो आधीपेक्षा वाईट कधीच होत नाही. बर्कलेने ब्लॅकवेल यांच्याबाबत नेमकी माहितीच बाजूला ठेवली होती!

१९५४ मध्ये त्याच बर्कलेने त्यांना बोलावले. दोन वर्षांत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९६५ मध्ये नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य. माणूस तोच, पदवी तीच. मग १९४२ मध्ये काय कमी होते?

ब्लॅकवेल यांनी कधी कडवटपणा दाखवला नाही, हे काहींना फार आवडते. पण त्यांना दहा वर्षे सांभाळले ते हॉवर्डने, गुलामगिरी संपल्यावर १८६७ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेने. ते तिथे शिकवत होते, त्याच काळात, १९४५ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले.