न्यूट्रॉनच्या भिंतीतून प्रथिनाच्या खोबणीत

पी53 हे कर्करोगाला आवर घालणारं प्रथिन. त्याचा एक छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, एमडीएम2 नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या खोबणीत तीन अमिनो आम्लं रुतवून बसतो. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमधल्या संशोधकांनी 1996 साली स्फटिकातून ही बैठक दाखवली. पण ते पेप्टाइड तिथून सुटतं कसं? आधी कोणतं टोक उचललं जातं, पाणी आत कधी शिरतं? स्फटिक याचं उत्तर देत नाही.

संगणक देऊ शकतो, पण वेळ आडवा येतो. अणूंची हालचाल मोजायची तर एक पाऊल फार तर दोनेक फेम्टोसेकंदांचं. एका सेकंदाला पाचशे लाख कोटी पावलं लागतात. 1977 मध्ये हार्वर्डच्या मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी पहिल्यांदा एक प्रथिन संगणकावर हलतं केलं, तेही दहा पिकोसेकंदांहून कमी काळ.

म्हणून आधी ओढण्याचा मार्ग निघाला. 1997 मध्ये इलिनॉयमध्ये क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने अ‍ॅव्हिडिन या प्रथिनातून बायोटिन हे जीवनसत्त्व काल्पनिक स्प्रिंगने ओढून काढलं. मात्र ही ओढ प्रयोगशाळेतल्या ओढीपेक्षा लाखो पटींनी वेगवान होती. इतक्या घाईत रेणू आपली नेहमीची वाट धरेलच असं नाही.

मला दुसरी वाट जास्त मोलाची वाटते, आणि तिचं कूळ अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतं. जाड भिंतीतून न्यूट्रॉनसारखे कण क्वचितच पार होतात. ते मोजायचे कसे? कान आणि हॅरिस यांनी 1951 मध्ये मांडलेली युक्ती अशी: जो कण पुढे सरकला त्याच्या दोन प्रती करायच्या आणि प्रत्येकीला निम्मं वजन द्यायचं. श्रम दुर्मीळ वाटेवर खर्च होतात, तरी वजनांची बेरीज ढळत नाही. 1996 मध्ये विस्कॉन्सिनच्या ह्यूबर आणि किम यांनी हीच युक्ती प्रथिनांच्या भेटीगाठींना लावली. इथे रेणूला कुणी ढकलत नाही. जी हालचाल आपसूक सुटकेकडे निघते, तिच्या प्रती वाढवल्या जातात.

पी53 चं पेप्टाइड एमडीएम2 वर येऊन कसं बसतं, हे पिट्सबर्गच्या गटाने 2016 मध्ये याच पद्धतीने मोजलं. 2018 मध्ये मिशिगन स्टेटच्या लॉट्झ आणि डिक्सन यांनी तर सुमारे अकरा मिनिटं चिकटून राहणाऱ्या एका औषधी रेणूची सुटका काहीही न ओढता दाखवली. तो रेणू लहान होता. पेप्टाइड त्याहून लवचीक. खोबणीत ते पिळाच्या आकारात बसतं आणि बाहेर पडताना तो पीळही उलगडतो. म्हणजे सुटणं आणि उलगडणं, दोन्हींचा माग एकदमच ठेवावा लागतो.