शेअरवेअर

आज्ञावली आधी मोफत वापरू देऊन, पसंत पडल्यास वापरकर्त्याकडून थेट मोबदला घेण्याची वितरणपद्धती. अमेरिकेत १९८२ च्या सुमारास अँड्र्यू फ्लूगेलमन (पीसी-टॉक) व जिम नॉफ (पीसी-फाइल) यांनी ती सुरू केली. फ्लॉपीवरील प्रती हातोहात पसरत. त्यामुळे वेष्टन, जाहिरात व दुकानदाराचा वाटा वाचे. पैसे भरणाऱ्यास छापील पुस्तिका, सुधारित आवृत्त्या किंवा मदत मिळे. बॉब वॉलेस यांनी पीसी-राइटच्या (१९८३) निमित्ताने ही संज्ञा रूढ केली. आपल्या प्रतीवरून नवी नोंदणी झाल्यास नोंदणीकृत वापरकर्त्याला दलालीही मिळे. अनेकजण पैसे न भरताच आज्ञावली वापरीत, म्हणून पुढे मुदतबंद व मर्यादित आवृत्त्या आल्या. इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ (१९९३) या खेळाचा पहिला भाग मोफत वाटून उरलेले भाग विकले.