जालन्यामार्गे आलेले टीव्ही गेम

लोणारला थेट आलेली वस्तू एकच, आभाळातून पडलेला तो दगड. त्याला पडून पन्नास हजार वर्षं झाली की पावणेसहा लाख, यावर शास्त्रज्ञांचं अजून जमलेलं नाही, पण तो मधे कुठं उतरला नाही एवढं खरं. बाकी गावात जे जे आलं ते मेहकरवरून नाहीतर जालन्यावरून. रेल्वे आम्हाला नाही. रेडिओ, पंखे, टीव्ही, व्हीसीआर सगळं एसटीच्या टपावर बांधून यायचं, आणि मोठ्या शहरात त्याची नवलाई ओसरल्यावर यायचं. माझं दुकान बसस्टँडच्या बाजूला होतं. टीव्ही-रेडिओ दुरुस्ती आणि व्हिडिओ भाड्यानं देणं, असा दुहेरी धंदा. त्यामुळे गावातल्या बैठकींत टीव्हीखाली काय येऊन बसलं आणि काय उठून गेलं, याचा हिशेब माझ्याकडे बऱ्यापैकी आहे.

तो मांडायला निमित्त पुतण्याचं. अमेरिकेत व्हॉल्व्ह नावाची कंपनी आहे. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी ती १९९६ साली काढली. कॉम्प्युटरचे गेम बनवायचे हा मूळ धंदा; २००३ पासून 'स्टीम' नावाचं गेमचं ऑनलाइन दुकानही तिचंच. १२ नोव्हेंबर २०२५ ला या कंपनीनं 'स्टीम मशीन' जाहीर केलं. वीतभरही नसलेला, सहा इंचांचा काळा चौकोनी डबा. बैठकीतल्या टीव्हीला जोडायचा आणि कॉम्प्युटरवरचे गेम सोफ्यावर बसून खेळायचे. तेव्हापासून पोरगा त्याची वाट पाहून राह्यला.

"कधी येणार?" मी विचारलं.

"नवीन वर्षाच्या सुरुवातीला म्हणे."

"अन् किंमत?"

"ती नाही सांगितली, काका."

किंमत न सांगता गिऱ्हाईक थांबवून ठेवणं मला उभ्या आयुष्यात जमलं नाही. ते असो. पण असली मालाची अशी वाट पाहणं आमच्याकडे नवीन आहे, हे मला त्या वेळी जाणवलं. आमच्या गावात नक्कल नेहमी आधी आली. असली वस्तू कशी दिसते ते नंतर कळलं, आणि पुष्कळदा कळलंच नाही.

आधी बैठकीबद्दल. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा टीव्ही असलेली घरं मोजकी होती. रविवारी सकाळी त्या घरांची बैठक घरवाल्यांची राहायची नाही. दारात चपलांचा ढीग, पुढं पोरं, भिंतीला टेकून म्हातारे, खिडकीच्या गजांतून आणखी काही डोकी. टीव्ही विकत घेतला म्हणून तो एकट्यानं पाहता येतो, ही कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. व्हीसीआरचं तर विकत घ्यायचंही कारण नव्हतं. गणपतीत, बारशाला, लग्नानंतर पाहुणे उरले असतील तेव्हा माणूस दुकानात यायचा आणि एक रंगीत टीव्ही, एक फुनाईचा व्हीसीपी आणि तीन पिक्चर रात्रभराच्या भाड्यावर घेऊन जायचा. तिसरा पिक्चर संपेपर्यंत पहाट झालेली असे आणि कुणीही शेवट पाहिलेला नसे. पण पैसे तीन पिक्चरचे दिलेत, म्हणून तिसरा लावल्याशिवाय मशीन परत यायचं नाही.

याच भाड्याच्या रांगेत नव्वदच्या दशकात टीव्ही गेम येऊन बसला.

त्याची कुळकथा जपानची. निन्टेंडो कंपनीनं जुलै १९८३ मध्ये तिकडे 'फॅमिली कॉम्प्युटर' काढला, पांढऱ्या-लाल रंगाचा. लोक त्याला फॅमिकॉम म्हणत. त्याच्या नकला तैवान-चीनमध्ये निघाल्या आणि अर्ध्या जगात पसरल्या. आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांचे डबे दुकानांत दिसायचे. निन्टेंडो हे नाव मात्र गावात कुणी ऐकलं नव्हतं. पोरांच्या लेखी मारिओ हा टर्मिनेटर कंपनीचा माणूस होता.

मी पहिला डबा जालन्याहून आणला तो मूळ मुंबईच्या मनीष मार्केटमधून आलेला, असं विकणारा सांगत होता. रात्री दुकान बंद करून तो उघडला. दुरुस्तीवाल्याची खोडच ती. आत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या लाखेचा रुपयाएवढा गोळा. त्या गोळ्याखाली अख्खा फॅमिकॉम दडवलेला. तो गेला की डबा फेकून द्यायचा. बाकी मात्र सगळं दुरुस्त व्हायचं. रिमोटची वायर मुळाशी तुटायची, ती कापून पुन्हा डाग द्यायचा. बटणाखालचं रबर झिजलं की त्याच्या तळाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवायची. ॲडॉप्टर जळायचा तो कमी-जास्त व्होल्टेजनं. कॅसेट चालेना की पोरं तिच्यात फुंकर मारत. फुंकरीनं कॅसेट लागते ही गावभरची श्रद्धा. खरं तर फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना आणखी गंजतात, आणि कॅसेट लागायची ती काढून परत घट्ट बसवल्यामुळे. स्पिरिटचा बोळा फिरवला तर ती महिनाभर कुरकुरत नसे. पण हे सांगून उपयोग नव्हता. फुंकर मारण्यात जो रुबाब होता तो बोळ्यात कुठून येणार?

कॅसेटवर लिहिलेलं असायचं, '९९९९९९ इन वन'. मोजायला बसलं की गेम निघायचे पाच-सहा. बाकीचे तेच, रंग बदललेले किंवा दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा 'डक हंट', मोटारसायकलचा एक, रणगाड्यांचा एक. एवढ्यावर गावाची दहा वर्षं गेली.

बदकांची बंदूक हा मात्र अस्सल चमत्कार होता, आणि तो नकलेतही तसाच चालायचा. पोरांना वाटे बंदुकीतून काहीतरी निघून काचेवर लागतं. उलट होतं. बंदुकीतून काही निघत नाही, तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. खटका दाबला की पडदा एका क्षणापुरता काळा होतो आणि बदक असेल त्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो पांढरा उजेड दिसला तर बदक मेलं. हे सगळं जुन्या काचेच्या ट्यूबवर चालायचं, कारण तिथं चित्र डब्याच्या ठोक्याला ठोका धरून उमटतं. एलसीडी टीव्ही चित्र जरा थांबून दाखवतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते. सपाट टीव्ही आले तशी गावातली सगळी बदकं अमर झाली. माझ्याकडे तेव्हा चांगल्या चालू बंदुका घेऊन लोक दुरुस्तीला यायचे, आणि बंदुकीत बिघाड नाही हे त्यांना पटवणं हे एक वेगळंच काम झालं होतं.

दुकानात गेम तासावर होता, घरी न्यायचा तर रात्रभराचं भाडं. या दोन्हींत एक फरक होता, तो मला पुष्कळ वर्षांनी उमगला. दुकानात फक्त पोट्टे यायचे. मुलगी कधी बाकावर येऊन बसली नाही. तिला कुणी येऊ दिलं नसतं आणि माझंही दुकान तसं नव्हतं. पण डबा घरी गेला की सकाळी परत आणून देणारा पोरगा कुरकुरत सांगायचा, ताईनंच सगळी रात्र मारिओ खेळला, मला हातच लावू दिला नाही. गावच्या झऱ्यावर, म्हणजे धारेवर, पाणी आणायला जाणाऱ्या दोघी बहिणी मारिओच्या आठव्या दुनियेपर्यंत पोहोचल्या आहेत, हे मला त्यांच्या भावाच्या तक्रारीवरून कळलं होतं. बाजारातला एकही खेळ त्यांच्यासाठी नव्हता, पण बैठकीत आलेला त्यांचा झाला. 'लिव्हिंग रूम'चं मशीन म्हणून कंपन्या आज जे विकतात, त्यातलं खरं मोल मला तिथं दिसतं.

त्या आठव्या दुनियेत लाईट जायची. खेळलेलं जपून ठेवायची सोय त्या डब्यात नव्हती. लाईट गेली की पुन्हा पहिल्या विटेपासून सुरुवात. पुढं लोडशेडिंगची वर्षं आली. मी भाड्याला अट घातली होती, लाईट गेली तर पैसे परत नाहीत. यावरून जितकी भांडणं झाली तितकी पिक्चरच्या कॅसेट तुटण्यावरूनही झाली नसतील.

मग असली माल कुठं होता? निन्टेंडोनं भारतात नीट दुकान कधी मांडलंच नाही. सेगाचं मशीन १९९५ मध्ये आलं ते शॉ वॉलेसनं आणलं, म्हणजे दारूच्या धंद्यातल्या कंपनीनं. ते आमच्यापर्यंत पोहोचलं नाही. सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा युवराजसिंग आणि अक्षयकुमार त्याच्या जाहिरातीत होते. २००९ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन २ वर कबड्डी आणि विटीदांडूचा गेम काढला, 'देसी अड्डा'. आमच्या पोरांनी विटीदांडू गल्लीतच खेळायचा की प्लेस्टेशन घेऊन, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण प्लेस्टेशनच नव्हतं.

टीव्ही गेमला मारलं ते कॉम्प्युटरनं. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आला आणि तालुक्याच्या गावांत क्लास निघाले. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागायचं, त्यामुळे मास्तर, तलाठी, पोरं सगळे एका रांगेत बसून वर्ड शिकायचे. सर बाहेर गेले की रोडरॅश आणि आयजीआय चालू. सीडी यायच्या पुण्या-मुंबईहून, मार्कर पेननं नाव लिहिलेल्या. त्यातच काउंटर-स्ट्राइक आला, व्हॉल्व्हचा. तो आमच्याकडे ज्या रूपात फिरत होता त्याला पोरं 'नॉन-स्टीम' म्हणत, म्हणजे स्टीमचं कुलूप तोडलेला. कंपनीच्या दुकानाची पहिली ओळख गावाला झाली ती अशी, नावाआधी 'नॉन' लावून.

यात कुणाला चोरी केल्यासारखं वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं का? असली वस्तू विकत घ्यायची तर ती डॉलरमध्ये, परदेशात चालणाऱ्या कार्डावर. असं कार्ड तेव्हा लोणारात किती जणांकडे असेल? न्यूवेल स्वतः २०११ च्या सुमारास सांगत होता की चोरून खेळणं हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न आहे. चोरापेक्षा चांगली सोय द्या, लोक पैसे देतील. अमेरिकेतल्या एका कोट्यधीशानं ओळखलेलं हे सत्य मनीष मार्केटवाल्याला वीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं. तो गावापर्यंत माल पोहोचवत होता, म्हणून धंदा त्याचा होता.

नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमनं भारतासाठी रुपयांत किमती लावल्या. पुढच्या वर्षी जिओ आलं. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, त्या आभाळातल्या दगडानं झालेल्या आमच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि देशभरचे लोक मोबाइलवर लोणार पाहत बसले. त्याच दिवसांत आमचा पुतण्या ऑनलाइन क्लासच्या नावाखाली घेतलेल्या कॉम्प्युटरवर स्टीमचे गेम विकत घेत होता. सेलमध्ये, शे-दोनशे रुपयांना. आमच्या घराण्यात कुणी गेमचे पैसे थेट बनवणाऱ्याला दिल्याची ही पहिलीच वेळ असावी.

गंमत म्हणजे त्या नोव्हेंबर २०१५ मध्येच व्हॉल्व्हनं पहिल्यांदा स्टीम मशीन बाजारात आणलं होतं, वेगवेगळ्या कंपन्यांकडून बनवून घेऊन. ते पडलं. लिनक्सवर चालायचं आणि विंडोजसाठी बनलेले बहुतेक गेम त्याच्यावर चालायचेच नाहीत. मग घेणार कोण? त्यानंतर कंपनीनं मुकाट्यानं काम केलं. २०१८ मध्ये प्रोटॉन नावाचा दुभाषी काढला, तो विंडोजच्या गेमचं म्हणणं लिनक्सला समजावून सांगतो. २०२२ मध्ये हातात धरून खेळायचं स्टीम डेक आणलं, ते चाललं. आता तोच संसार नव्या डब्यात भरून परत बैठकीत यायचं ठरवलं आहे. धंदा पडल्यावर इतकी वर्षं तेच काम करत राहणं, हे मला त्या डब्यातल्या चिपपेक्षा मोठं वाटतं.

फक्त एक अडचण आहे. स्टीम डेक कंपनीनं भारतात अधिकृतपणे विकलंच नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते आयात करणाऱ्यांकडून, जास्तीचे पैसे मोजून घेतलं. नवीन डब्यासाठी जे देश सांगितलेत त्यांत आपण नाही. म्हणजे गेम लोणारला एका सेकंदात पोहोचतो आणि तो चालवायचा डबा अजून मनीष मार्केटच्याच रस्त्यानं यायचा आहे. त्यात मेमरीच्या चिपांची टंचाई, एआयवाल्यांनी सगळा माल उचलल्यामुळे. रॅमचे भाव ऐकून मी दोनदा विचारलं, हजार म्हणाला का शंभर.

पुतण्यानं तोड काढली आहे. त्या डब्यातली स्टीमओएस ही प्रणाली फुकट मिळते, तिच्या धर्तीवर हौशी मंडळींनी केलेली 'बझाइट' नावाची प्रणालीही आहे. तर तो तसलाच डबा स्वतः जुळवणार आहे. कंपनीची त्याला हरकत नाही. म्हणजे या वेळीसुद्धा असलीच्या आधी बैठकीत नक्कलच येणार, आणि ती बनवणारा घरातला असेल. ग्राफिक्स कार्ड पुण्याहून सेकंडहँड, बाकी सामान संभाजीनगरहून. मला यादी दाखवायला आला होता. मी म्हटलं, कार्ड जुनं घे, रॅम जुनी घे, पण एसएमपीएस नवा घे, आणि त्याच्या आधी बैठकीतल्या बोर्डाला अर्थिंग करून घे. तिथं तिसऱ्या पिनेला वायरच नाही. वायरमन गुरुवारी येतो म्हणाला आहे.