टायरमधली हवा : सुख आणि वेग यांच्या भांडणाचा इतिहास



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस सायकलच्या टायरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण एखादी समजूत अनेक पिढ्या कशी टिकते, तिला पुरावाही कसा मिळत राहतो आणि मग ती कशी ढासळते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही क्वचित सापडलं आहे. ही समजूत तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. टायर अरुंद आणि कडक, तर सायकल वेगवान. टायर रुंद आणि मऊ, तर बसायला सुखाची, पण मंद. म्हणजे तराजूची दोन पारडी. एक वर गेलं की दुसरं खाली. आज ज्याला आपण रोड बाइक म्हणतो तिच्यापुरतंच बोलू, कारण हे भांडण तिथेच सर्वांत कडाक्याचं झालं.

गंमत अशी, की हवेचा टायर जन्मला तेव्हा हे भांडण नव्हतंच.

१८८७-८८ च्या सुमाराचं बेलफास्ट. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटिश, धंद्याने जनावरांचा डॉक्टर, वय पन्नाशीकडे झुकलेलं. त्याच्या मुलाची तीनचाकी भरीव रबराच्या टायरांवर चालायची आणि शहरातले दगडी रस्ते पोराची हाडं खिळखिळी करायचे. डनलॉपने लाकडाची एक गोल चकती घेतली, तिच्यावर रबराची नळी बसवली, वरून कापड खिळ्यांनी ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची फारसं कोणी सांगत नाही. त्याने हे चाक आणि तीनचाकीचं भरीव चाक, दोन्ही अंगणात घरंगळत सोडली. भरीव चाक अंगण संपायच्या आत कोलमडलं. हवेचं चाक पार टोकाला जाऊन फाटकावर आपटलं.

हा प्रयोग नीट पाहा. चाकावर कोणी बसलेलं नव्हतं, त्यामुळे सुखाचा प्रश्नच नव्हता. मोजलं गेलं ते एवढंच, की एका ढकलीत चाक किती लांब जातं. सुखासाठी केलेली वस्तू वेगाच्या परीक्षेत पहिली आली! कारण साधं आहे. कडक चाकासमोर खडा आला की चाकाला खड्यावर चढावं लागतं, आणि वर स्वार असेल तर सायकल आणि स्वार दोघांनाही उचललं जावं लागतं. ही शक्ती पुढे जाण्यातूनच खर्च होते. हवेच्या टायरात खडा थोडासा आत बुडतो, टायर तेवढ्यापुरता दबतो आणि दबताना घेतलेली बरीचशी शक्ती परत देतो. स्वाराला जो धक्का लागत नाही, तोच धक्का वेगातूनही वजा होत नाही. एकाच गोष्टीची ही दोन नावं आहेत.

१८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा गडी हे जाडजूड टायर लावून शर्यतीत उतरला. लोक हसले. आणि तो जिंकला. (हा ह्यूम म्हणजे आमचा डेव्हिड ह्यूम नव्हे, तो बिचारा शंभरावर वर्षांपूर्वीच वारला होता. पण त्याचंही काम पुढे पडणार आहे.) हरलेल्यांत हार्वी दु क्रो या डब्लिनच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. व्यापारी शहाणा. त्याने तक्रार केली नाही, कंपनी काढली. डनलॉपचं पेटंट मात्र पुढे टिकलं नाही, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, तेही घोडागाड्यांसाठी. पायडलची सायकल तेव्हा रस्त्यावर यायची होती. आपल्याकडे डनलॉप हे नाव टायरपेक्षा गादीमुळे घरोघरी पोचलं, आणि ‘डनलॉपची गादी’ म्हणजे सुखाची परमावधी ठरली. वेग तेवढा त्या नावातून गळून गेला.

पुढचं पाऊल फ्रान्समधलं. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढणं म्हणजे अर्धा दिवस. क्लेरमाँ-फेराँच्या मिशेलिन बंधूंनी सुटा होणारा टायर केला आणि १८९१ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे १२०० किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ त्यावर बसून ७२ तासांच्या आत परतला, पहिला आला. त्याच नावाची दीर्घ पल्ल्याची फेरी आजही दर चार वर्षांनी होते आणि तिच्यासाठी पुण्यामुंबईचे, नाशिकचे सायकलस्वार तयारी करतात. तुमच्यात असे काही बसलेले मला दिसताहेत. आजचं बोलणं खरं तर त्यांच्या हातांसाठी आणि पाठीसाठी आहे.

मग भांडण कधी लागलं? रस्ते गुळगुळीत होऊ लागले, शर्यतीत ग्रॅमग्रॅमचा हिशेब सुरू झाला. अरुंद टायर हलका असतो आणि हवा कमी अडवतो, यात खोटं काही नाही. सेंत-एत्येनचा पॉल द व्हिव्ही, ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा, रुंद टायरांची बाजू घेत राहिला. पण तो भटकंती करणाऱ्यांचा गुरू. शर्यतवाले कशाला ऐकतील? १९८०-९० च्या दशकांत रोड बाइकचा टायर २०-२३ मिलिमीटरवर आला आणि त्यात आठ बार, म्हणजे सुमारे ११५ पीएसआय हवा ठासून भरणं हा शिष्टाचार झाला.

याला पुरावा होता, हे लक्षात घ्या. प्रयोगशाळेत पोलादी ड्रम फिरवायचा, त्यावर चाक दाबायचं आणि ते फिरवायला किती शक्ती लागते ते मोजायचं. जितकी हवा जास्त, तितका टायर कमी दबतो, रबर आणि कापड कमी वाकतं, शक्ती कमी वाया जाते. आकडे बरोबर होते. पण ड्रम गुळगुळीत होता आणि चाकावर माणसाऐवजी वजन ठेवलेलं होतं. डनलॉपच्या अंगणात जो खडबडीतपणा होता तो या प्रयोगातून पुसला गेला. ज्याचा धक्का मोजायचा तो स्वारही नव्हता. उत्तर खरं, पण प्रश्न अर्धा.

आता डेव्हिड ह्यूम. १७३९ मध्ये त्याने मांडलं, की विश्वास म्हणजे दुसरंतिसरं काही नसून कल्पनेला आलेला ठसठशीतपणा, जिवंतपणा आहे. कडक टायरवर बसलेला माणूस याचा चालताबोलता नमुना आहे. हँडल बधिर करील इतकं थरथरतंय, रस्त्याचा कण न् कण अंगाला कळतोय, आणि त्याला वाटतंय, काय वेग आहे! रुंद टायरवर तोच वेग शांत वाटतो, म्हणून कमी वाटतो. ड्रमचा आकडा आणि अंगाची साक्ष एकमेकांना दुजोरा देत होती. अशी जोडगोळी फोडणं फार कठीण.

ती फुटली प्रयोग पुन्हा रस्त्यावर नेल्यावर. २००६ च्या सुमारास यान हाइन आणि त्याच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ने स्वारासकट खऱ्या रस्त्यांवर चाचण्या घेतल्या. हवा वाढवत नेली तरी वेग वाढत नाही असं दिसलं, आणि खडबडीत पट्ट्यावर तर हादऱ्यांत प्रचंड शक्ती जाते असं दिसलं. ही शक्ती टायरात जात नाही. ती स्वाराच्या स्नायूंत, मांसात मुरते, उष्णता होऊन जाते. पुढे जॉश पोर्टनर या अभियंत्याने हाच मुद्दा नीट मांडला. हवा वाढवताना आधी घर्षण हळूहळू कमी होतं, मग एक बिंदू येतो आणि त्यापुढे तोटा झपाट्याने वाढतो. तो बिंदू रस्त्यावर अवलंबून. रस्ता जितका खराब, तितका तो लवकर येतो. म्हणून हवा थोडी कमी पडली तर नुकसान थोडं. तेवढीच जास्त झाली तर बरंच. व्यावसायिक शर्यतपटू त्यानंतर २३ वरून २५, मग २८ वर आणि आता ३० किंवा त्याहूनही रुंद टायरांवर आले. लाकडी फळ्यांच्या बंदिस्त ट्रॅकवर मात्र आजही अरुंद आणि कडक टायरच चालतो, आणि ते योग्यच आहे. ड्रम खोटं बोलला नव्हता.

तेव्हा टायर निवडताना काय पाहायचं? पहिलं, फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली किती जागा आहे. ती पुरत असेल तर आपल्या घाटांसाठी, खडीवर डांबर ओतलेल्या रस्त्यांसाठी मी २८ च्या खाली जाऊ नका म्हणेन. ३२ मावला तर फारच छान. दुसरं, टायरचं अंग, म्हणजे रबराखालचं कापड. जाड, ताठ अंगाचा रुंद टायर हा ना सुखाचा ना वेगाचा. पैसे खर्च करायचेच तर लवचीक अंगावर करा. तिसरं, तुमची रिम कडेला आकडी नसलेली, ‘हुकलेस’ असेल तर पाच बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही आणि टायर त्या रिमसाठी मंजूर आहे हे पाहायचंच. तिथे तत्त्वचर्चा नको, टायर निसटला की दात जातात.

आणि हवा. अमेरिकेच्या फ्रँक बर्टोने एक सोपा ठोकताळा दिला होता : स्वार बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्क्यांनी दबावी. मागच्या चाकावर वजन जास्त असतं, म्हणून मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी. ७० किलोच्या माणसाला ३२ च्या टायरात ६० पीएसआयच्या आसपासून सुरुवात करता येईल. म्हणजे जुन्या ११५ च्या जवळजवळ निम्म्यावर.

एवढंच सांभाळा, की हवा अंगठ्याने दाबून ठरवू नका. तेवढ्याच हवेला रुंद टायरच्या अंगावर ताण जास्त येतो, त्यामुळे तो बोटाला आणि बुडालाही अधिक कडक लागतो. २५ काढून ३२ बसवला, हवा पूर्वीचीच ठेवली आणि मग ‘रुंद टायरने काही सुख लागलं नाही’ म्हणणारे मला दोनचार तरी भेटले आहेत. गेज असलेला पंप घ्या, आठवड्याला पाच पीएसआय कमी करत त्याच रस्त्यावर, घड्याळ लावून जा, आणि आकडा वहीत लिहून ठेवा.

आता प्रश्न घेऊ.