इंजिन तापणे

मोटारवाहनाच्या इंजिनातील कुलंटचे (इंजिन थंड राखणाऱ्या द्रवाचे) तापमान नेहमीच्या पातळीच्या, म्हणजे सुमारे ९० ते १०० °से.च्या, बरेच वर जाणे. गाडी वेळीच थांबवली नाही, तर सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट उडते आणि अखेर पिस्टन अडकून इंजिन जाम होते.

कारणे : पंप कुलंटला सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो. इंजिन पुरेसे गरम झाले की थर्मोस्टॅट उघडतो आणि कुलंट रेडिएटरमध्ये जाऊन हवेला उष्णता देते. त्यातील ग्लायकॉल आणि झाकणाने राखलेला दाब यांमुळे ते १०० °से.ला उकळत नाही. गळका होज पाइप, तुटलेला फॅन बेल्ट, बंद पडलेला पंखा, न उघडणारा थर्मोस्टॅट किंवा क्षाराने चोंदलेला रेडिएटर यांमुळे ही साखळी तुटते.

इशारे : अमेरिकेत पेटंट मिळालेला ‘बॉइस मोटोमीटर’ हा तापमापक थेट रेडिएटरच्या झाकणावर बसे व चालकाला समोरच्या काचेतून दिसे. पुढे डॅशबोर्डवर ‘सी’ (थंड) ते ‘एच’ (गरम) सरकणारा काटा आला. आजच्या सेन्सरचा विद्युत्‌रोध उष्णतेबरोबर घटतो. त्यावरून संगणक तापमान ओळखतो. अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो; थंड इंजिनाला निळा व तापलेल्याला लाल दिवा लागतो. काही गाड्यांत संगणक आपणहून एसी बंद करतो व इंजिनाची ताकद घटवतो.

हे इशारे पुरेसे मानू नयेत. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर राखलेला असल्याने हळूहळू होणारी वाढ दिसत नाही. सेन्सर कुलंटचे तापमान मोजतो; कुलंट गळून गेले, तर कोरडा सेन्सर फसवे, कमी तापमानही दाखवू शकतो. एसीची हवा एकाएकी गरम होणे, गळणाऱ्या कुलंटचा गोडसर वास, ओढ कमी होणे आणि बॉनेटखालची वाफ यांकडेही म्हणून लक्ष हवे.

गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती : मे महिन्यात, विशेषतः ‘नवतपा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, येथील पारा ४५ °से.पर्यंत चढतो. कुलंट ९५ °से. असताना २५ °से.च्या हवेशी त्याचा फरक ७० अंश असतो, ४५ °से.च्या हवेशी केवळ ५०; रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. सडक अर्जुनी व देवरी तालुक्यांतून छत्तीसगढकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर भरलेल्या ट्रकांना जंगल-टेकड्यांतले चढही लागतात. धानाच्या या जिल्ह्यात मळणीच्या हंगामात तणसाचा भुगा व कोंडा ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरच्या रेडिएटरच्या जाळीत अडकून हवा अडवतो. काम चालू असताना जाळी वरचेवर झाडावी लागते.

उपाय : काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा; इंजिनाची काही उष्णता त्यातून निघते. लाल दिवा लागल्यास किंवा वाफ दिसल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटताच कुलंट उसळून चेहरा व हात भाजतात. अर्ध्या-एक तासाने इंजिन निवल्यावरच कुलंटची भर घालावी. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. अडचणीत साधे पाणी चालते, पण ते क्षार व गंज वाढवत असल्याने नंतर योग्य प्रमाणात मिसळलेले कुलंट भरावे आणि गळती शोधून घ्यावी.