मृत ठरविलेल्या प्रवाळाचा खटला

इतिहास हा शब्द उच्चारला की लढाया, तह, राजवंश आणि सनावळ्या एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. विद्यार्थ्यांना तर इतिहास म्हणजे केवळ पाठांतराचा विषय वाटतो. परंतु माणसाने निसर्गाशी जो व्यवहार केला, त्यालाही इतिहास आहे. त्यातही खटले चालतात, साक्षी होतात, बलाढ्य पक्ष असतात, दुबळे पक्ष असतात, आणि कधीकधी दुबळ्यांची सरशीही होते. अशाच एका खटल्याची हकीकत या लेखात आपल्यापुढे ठेवीत आहे. ज्याच्या जिवावर बेतले होते तो जीव मुका होता, आणि त्याच्या बाजूचा सर्वांत मोलाचा पुरावा गोळा करणाऱ्यांत विद्यापीठातील विद्यार्थी होते.

हा जीव म्हणजे प्रवाळ. आपल्या घरांतून तो 'मरजान' या नावाने परिचित आहे. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर त्याचा उल्लेख येतो. अंगठीत बसवितात ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील प्रवाळाचे म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र ते समुद्रात भिंती उभारीत नाही. भिंती आणि बेटे उभारणारे प्रवाळ निराळे. ते उष्ण कटिबंधातील उथळ, स्वच्छ पाण्यात राहतात. त्यांचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचा असतो. पण समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो स्वतःभोवती कठीण घर बांधतो. बाप मरतो, घर राहते. त्या घरावर मुलगा घर बांधतो, त्यावर नातू. अशी हजारो वर्षे गेली की समुद्रातून डोंगर वर येतो. मुंगीने वारूळ उभारावे तसाच हा प्रकार. फक्त वारूळ कोसाकोसांचे!

प्रवाळ हा प्राणी आहे, हे सत्य मान्य व्हायलाही बराच काळ जावा लागला. अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील पंडित त्याला वनस्पती समजत. पाण्यात ठेवलेल्या प्रवाळावर पांढरी फुले उमलतात, असे मार्सिली नावाच्या विद्वानाने पाहिले होते. तेव्हा वनस्पती असल्याचा याहून मोठा पुरावा तो कोणता? परंतु मार्सेय शहरातील पेसोनेल नावाच्या डॉक्टराने प्रवाळ समुद्राच्या पाण्यातच ठेवून धीराने निरीक्षण केले. ही 'फुले' हालचाल करतात, स्पर्श होताच आखडतात, हे त्याच्या ध्यानात आले. ती फुले नव्हेत, ते लहान लहान प्राणीच आहेत, असे त्याने १७२६ च्या सुमारास पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळविले. रेओमूर या नामवंत शास्त्रज्ञाने ते मत अकादमीपुढे मांडताना लेखकाचे नाव सांगितले नाही. कारण काय? तर बिचाऱ्याचे हसे होऊ नये! पुढे १७४० नंतर इतर संशोधनांतून पेसोनेलच बरोबर होता असे ठरले, आणि रेओमूरनेही ते मान्य केले. पंडितांच्या मताहून डोळ्यांनी पाहिलेले श्रेष्ठ, हा या घटनेचा धडा. तो लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच धडा पुन्हा गिरविला गेला.

आता आपण ऑस्ट्रेलियाकडे वळू. या खंडाच्या ईशान्य किनाऱ्याला, क्वीन्सलँड राज्यालगत, ग्रेट बॅरिअर रीफ ही जगातील सर्वांत मोठी प्रवाळरांग पसरली आहे. तिची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर. ती एकसंध भिंत नाही. सुमारे ३,००० लहानमोठ्या प्रवाळभित्तींचा तो समुदाय आहे. त्यांपैकीच एक एलिसन रीफ. इनिसफेल या गावासमोरील समुद्रातील या प्रवाळभित्तीतून चुनखडी काढण्याचा परवाना मिळावा, असा अर्ज १९६७ साली एका ऊस बागायतदाराने केला. उसाच्या जमिनीला चुना लागतो, आणि समुद्रात तो फुकट पडलेला आहे. शिवाय ही भित्ती मृतच आहे, मग ती खोदली तर कोणाचे काय बिघडणार, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड होता. पण बिंगिल बे येथे राहणाऱ्या जॉन बस्ट या चित्रकाराला त्यातील धोका दिसला. आज एक भित्ती मृत म्हणून खोदली, तर उद्या दुसरी मृत ठरेल, परवा तिसरी. त्याने खाण-अधिकाऱ्याच्या न्यायासनापुढे हरकत नोंदविली. कवयित्री ज्युडिथ राइट आणि वनशास्त्रज्ञ लेन वेब हे त्याचे सहकारी. एक चित्रकार, एक कवयित्री आणि एक जंगलाचा अभ्यासक! तिघांपैकी एकही समुद्रशास्त्रज्ञ नव्हता. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, सत्ता नव्हती. बरे, नुसते 'हे सुंदर आहे हो' म्हणून न्यायासनापुढे भागत नाही. तेथे पुरावा लागतो.

तो पुरावा आणला तरुणांनी. क्वीन्सलँड विद्यापीठातील विद्यार्थी व अभ्यासक यांनी १९६५ साली समुद्रकिनाऱ्याच्या अभ्यासासाठी एक लहानशी संस्था काढली होती. या संस्थेचे स्वयंसेवक एलिसन रीफवर गेले, पाण्यात बुड्या मारल्या आणि जे दिसले त्याची जातवार मोजदाद केली. 'मृत' म्हटलेल्या त्या भित्तीवर त्यांना जिवंत प्रवाळाच्या ८८ जाती, माशांच्या १९० जाती आणि शंख-शिंपल्यांच्या ६० जाती आढळल्या. आता सांगा, जेथे एवढी वस्ती नांदते त्या गावाला कोणी ओसाड म्हणेल काय? प्रवाळाचा काही भाग मेलेला असला तरी त्याच्या खाचाखळग्यांत माशांची पिले वाढतात आणि त्याच्याच पाठीवर नवा प्रवाळ रुजतो, हेही उघड झाले. निर्णय अर्जदाराच्या विरुद्ध गेला. चुनखडीची खाण झाली नाही.

वाचकहो, ही मोजदाद झाली नसती तर? एका शब्दावर, 'मृत' या एका शब्दावर, तो प्रवाळ खणला गेला असता. अज्ञानाचे मोल किती असते, हे यावरून दिसून येते.

परंतु हा विजय म्हणजे मोठ्या लढ्याची नांदी होती. लवकरच असे दिसून आले की क्वीन्सलँड सरकारने तेलाच्या शोधासाठी जवळजवळ संपूर्ण प्रवाळरांगेचे क्षेत्र कंपन्यांना परवान्याने देऊन टाकले आहे. आता गाठ एका बागायतदाराशी नव्हती, ती तेल कंपन्यांशी आणि राज्य सरकारशी होती. त्याच विद्यार्थ्यांच्या संस्थेने 'बॅरिअर रीफ वाचवा' अशा चिठ्ठ्या छापून मोटारगाड्यांवर लावण्यासाठी वाटल्या. १९६९ साली अमेरिकेत सांता बार्बरा येथे समुद्रातील तेलविहीर फुटून किनारा काळा झाल्याचे लोकांनी वाचले होते. जानेवारी १९७० मध्ये कामगार संघटनांनी या समुद्रातील तेल-खोदाईच्या कामावर बहिष्कार पुकारला. मार्च १९७० मध्ये टॉरेस सामुद्रधुनीत एक तेलवाहू जहाज खडकावर आपटून तेल सांडले, आणि धोका काल्पनिक नाही हे सर्वांना पटले. चौकशी आयोग नेमला गेला. जॉन बस्ट १९७१ साली वारला. आपल्या श्रमाचे फळ त्याला पाहता आले नाही. अखेर १९७५ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाचा कायदा केला, आणि १९८१ साली युनेस्कोने या प्रवाळरांगेस जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्युडिथ राइट यांनी या लढ्याचा वृत्तांत १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. परंतु कायद्याने खाण थांबते, समुद्राचे तापमान थांबत नाही. प्रवाळाच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देते, आणि प्रवाळाचा रंगही बव्हंशी त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर हा जोडीदार प्रवाळाला सोडून जातो. प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. १९९८ साली जगभर असे घडले. २०१६ पासून तर ग्रेट बॅरिअर रीफवर ही आपत्ती वारंवार येऊ लागली आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो, त्याने समुद्र तापतो आहे. म्हणजे १९७० साली ज्या तेलाची विहीर थांबविली, तेच तेल इतरत्र जळून दुसऱ्या वाटेने प्रवाळापर्यंत पोहोचले!

मग कायदा व्यर्थ गेला काय? मुळीच नाही. दुखणे झेलायला अंगात ताकद लागते. खाण, सांडपाणी आणि बेसुमार मासेमारी यांपासून वाचलेला प्रवाळ उष्णतेच्या घावातून सावरण्याची आशा अधिक. म्हणूनच २००४ साली त्या उद्यानाच्या सुमारे एक-तृतीयांश क्षेत्रात मासेमारी बंद करण्यात आली. आणि नुसत्या पहाऱ्याने भागत नाही हे ओळखून २००३ सालापासून तेथील शाळांनाच या रक्षणकार्यात सहभागी करून घेतले गेले. ज्या कामाचा आरंभ विद्यार्थ्यांच्या मोजदादीने झाला, ते काम पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती आले, हे किती अर्थपूर्ण!

पालक बंधुभगिनींनो, आपण म्हणाल, ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीशी आपला काय संबंध? संबंध जवळचा आहे. याच अरबी समुद्रात लक्षद्वीप आहे. तेथील दहा बेटांवर लोकवस्ती आहे आणि ती बहुतांशी मुस्लिम आहे. ही बेटे प्रवाळानेच घडविलेली, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. सभोवतालचा जिवंत प्रवाळ लाटांचा मार झेलतो, म्हणून आतली घरे, मशिदी आणि माडांची राने उभी आहेत. तेथील लोक काठी आणि गळ वापरून ट्यूना धरतात. त्यासाठी लागणारे आमिषाचे बारीक जिवंत मासे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यातच मिळतात. म्हणजे प्रवाळ हाच त्यांचा तट आणि तोच त्यांच्या अन्नाचा आधार. १९९८, २०१० आणि २०१६ साली तेथील प्रवाळही पांढरा पडला.

आणखी जवळ या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात खडकांवर ठिकठिकाणी प्रवाळ आहे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आपली रोजीरोटी जाईल, ही त्यांची भीती होती. ती भीती समजून न घेता नुसता कायदा पुढे करणे योग्य नव्हे. तसेच विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा पाण्याखालील पठाराचा भाग आहे. तेथेही प्रवाळ आहे. आपल्या देशात भित्ती उभारणारा प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्याला मिळाले. पण वाघ कोणता हे लहान मूलही सांगते. प्रवाळ आपल्या किनाऱ्यावर आहे, हे किती सुशिक्षितांना ठाऊक आहे?

येथे शाळेचे काम सुरू होते. पर्यावरण हा आज अभ्यासक्रमातील विषय आहे. परंतु तो मुले पाठ करतात, प्रकल्पाची वही सजवितात, गुण मिळवितात आणि विसरतात. पेसोनेलने काय केले? प्रवाळ त्याच्या पाण्यातच पाहिला. त्या विद्यार्थ्यांनी काय केले? जाऊन मोजले. हेच खरे शिक्षण. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीला पाणी खूप मागे हटते आणि खडपे उघडी पडतात. अशा दिवशी शिक्षकांनी, आणि सोबत किनाऱ्याची माहिती असलेल्या एखाद्या जाणत्या खलाशाने, मुलांना किनाऱ्यावर न्यावे. कालवे, खेकडे, शंख, शेवाळ, जे दिसेल ते न तोडता, न उचलता पाहावे, मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. मुलींनाही न्यावे, निरीक्षणशक्ती मुलांनाच दिलेली आहे, असे कोठे आहे? पुढच्या वर्षी त्याच जागी जाऊन पुन्हा मोजावे. दहा वर्षांच्या अशा वह्या एखाद्या शाळेच्या कपाटात जमल्या, तर त्या गावच्या समुद्राचा तो अस्सल दस्तऐवज होईल. उद्या कोणी त्या किनाऱ्यास 'निर्जीव' म्हणू लागला, तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ काहीतरी असेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. कधी मालवणला वा लक्षद्वीपला गेलात तर प्रवाळावर पाय देऊ नका, त्याचा तुकडा आठवण म्हणून आणू नका, नावाड्याला प्रवाळावर नांगर टाकू देऊ नका. दगड दिसला तरी तो कोणाचे तरी घर आहे. याहून मोठी गोष्ट म्हणजे, कोणी अधिकाराने एखादी वस्तू निरुपयोगी आहे, मृत आहे, असे सांगितले, तर लगेच मान डोलावू नका. अदबीने विचारा, 'आपण पाहिले आहे का?' आणि स्वतः जाऊन पाहा. इल्मची पहिली पायरी हीच आहे.